डाळ खाणारा मासा

आमच्या जैनाच्या घरात मासा आला, आणि आणला कुणी, तर आमच्याच ह्यांनी. ताटात नव्हे, कपाटावर. गुळाच्या व्यापारापायी ह्यांची रत्नागिरीला ये-जा असायची. मुंबईत कुणा शेटजीच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीतले मासे बघून आल्यापासून ह्यांच्या डोक्यात खूळ शिरलं होतं. ओहोटीला कातळाच्या खळग्यांत मासे मागं राहतात. त्यातले दोन, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले, ह्यांनी बिस्किटांच्या बरणीत घातले आणि गुळाच्या लॉरीतून घाट चढवून आणले. सोबत डबाभर समुद्राचं पाणी. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मुलगा हुशार आहे असं सांगून मला दिली होती.

गल्ली लोटली बघायला. हे दारात उभे राहून, "या की पावणं, बघा की," म्हणत होते, जसे काय ह्यांनीच ते मासे रंगवले होते.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, काय म्हणावं ते सुचेना. त्या विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यानं गाळायच्या आणि फडक्यात राहिलेले बारीक जीव त्याच विहिरीत अलगद सोडायच्या. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात. त्यांनी माशांचंही पाणी गाळायला घेतलं. आता त्यातल्या जिवांचा समुद्र तर घाटाखाली! मग ते एका वाटीत घालून कोनाड्यात ठेवले, लेकाच्या पुढच्या खेपेला परत न्यायला.

माशांना घातलं काय, तर भाकरीचा चुरा आणि भिजवलेली मूगडाळ. ते डाळ तोंडात घ्यायचे आणि थुंकायचे. "आमचा मासा जैन झाला," असं हे गावभर सांगत सुटले. एक दिवस सकाळी एक मासा उलटा तरंगत होता.

आत्याबाईंनी ह्यांना उरलेल्या माशासमोर बसवलं. "ह्यो तिथं काय खाईत हुता?"

"झिंगं. बारकं, जित्तं."

"तुला ठावं हुतं?"

"हुतं की."

"मग आणलास कशाला?"

"दिसायला बरा हाय म्हणून, आव्वा."

"तिथं त्यो त्याचं खाईत हुता, त्याचं पाप तुला न्हवतं. आता ह्याला जगवायचा तर रोज जीव मारून घालायचं. न्हाय मारलं तर ह्यो मरतोय. दोन्हीकडनं तूच की. कुणी सांगितलं हुतं मधी हात घालायला?"

हे म्हणाले, रंकाळ्यात सोडतो. "खाऱ्यातला जीव गोड्यात सोडतोस? त्यापरीस दगडानं ठेच," म्हणाल्या, आणि ताट बाजूला सारलं. "त्यो त्याच्या घरी जाऊन जेवल्याबिगार मी जेवायची न्हाय."

शब्द म्हणजे शब्द. त्या आधीच काडीसारख्या, हे घाबरलेच. पण लेकावर त्यांचा भरवसा नव्हता. "तू घाटात बरणी वतशील आन् जेवला म्हणून सांगशील. ही संगं जाईल." घरात सासू उपाशी, आणि मला मात्र समुद्र बघायला मिळणार म्हणून उकळ्या फुटत होत्या.

एस.टी.त बरणी माझ्या मांडीवर, तोंडाला फडकं बांधलेलं. आंबा घाटात निम्मी गाडी ओकत होती आणि मी माशाकडं बघत होते. तो बुडाशी कलंडायचा, परत सरळ व्हायचा.

खळग्यात त्याला सोडला. कोनाड्यातली वाटीही ओतली. समुद्र मी धड बघितलाच नाही. मासा एका दगडाला टेकून गप्प उभा, आणि भोवती काचेसारखे झिंगे त्याच्या नाकासमोर नाचत होते. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून वाट सोडणारी मी, तिथं उकिडवी बसून म्हणत होते, "धर की रं मुडद्या एखादा." भरतीचं पाणी चढायला लागलं, लुगडं भिजलं, तरी हालले नाही. आणि मग एकदम त्यानं झडप घातली. झिंगा गेला. ह्यांनी माझा हात घट्ट धरला, लोकांच्या देखत, आणि डोळे पुसले. त्या दिवशी मला माझा नवरा आवडला.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आत घरी पोचलो. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"जेवला?"

"जेवला."

"तू बघितलंस?"

"व्हय. झिंगा खाल्ला."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मासा वाचला म्हणून असेल असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "वाढ." अर्धी भाकरी खाल्ली, आमटी पुन्हा मागून घेतली. हात धुताना म्हणाल्या, "उद्या त्या झिंग्याचा उपास."

सकाळी मी ह्यांच्यापुढं ताट मांडलं. पर्युषणातसुद्धा चोरून चिरमुरे खाणारा हा माणूस. ह्यांनी एकदा आईकडं बघितलं, आणि ताट पालथं घातलं.