चार्टवरची कुंदा

भूत, करणी, अंगात येणं... यातलं काही मी मानत नव्हतो आणि आजही मानत नाही. मी सायन्सचा मास्तर. त्यामुळे हे लिहायला संकोच वाटतो... आणि त्याचं कारण फक्त लोक हसतील हे नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सौंसरच्या आमच्या शाळेला पंचवीस वर्षं होणार होती. हेडमास्तरांनी मला शाळेच्या इतिहासाचा चार्ट करायला सांगितला. हॉलच्या भिंतीभर लांब कागद, खाली ओळीनं वर्षं, वर घटना. सगळे फोटो मावणार नव्हते. म्हणून बहुतेक ठिकाणी मी नुसतं लिहिलं - 'अल्बम, पान ९ पाहा'. मोजक्याच फोटोंची पांढुर्ण्याच्या स्टुडिओतून दुसरी प्रिंट काढून चार्टवर चिकटवली. हेडमास्तरांना समजावलंही, "नुसता पान नंबर लिहिलेला फोटो अल्बमच्या भरवशावर, सर. अल्बम गेला की तो गेला. चिकटवलेला मात्र चार्टचाच."

चिकटवलेल्यांत एक विज्ञान प्रदर्शनाचा होता. सात मुलं, टोकाला ढाल धरून कुंदा. आमच्या शाळेत चपराशी असलेल्या चंद्रकलाबाईंची मुलगी. मी तिचा वर्गशिक्षक. त्या फोटोनंतर दोनच महिन्यांत ती तापानं गेली. घरी तिचा एकही फोटो नव्हता. चार्ट लागल्यापासून बाई रोज झाडू बाजूला ठेवून त्याच्यापुढं उभ्या राहायच्या.

"पाहा ना गुरुजी, कशी हसून राहिली," एकदा म्हणाल्या.

समारंभाच्या आदल्या दुपारी शाळा कमिटीचे अध्यक्ष ऑफिसात अल्बम चाळत होते. तोच फोटो अल्बमातही होता, आणि त्यात त्यांची मुलगीही होती.

"ढाल चपराशीणच्या पोरीच्या हातात काऊन? उद्या पाहुणे पाहतीन. काढा तिले."

हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. मी ब्लेड आणलं. कुंदा टोकालाच होती, एक सरळ चीर पुरली. तुकडा मीच चहाच्या स्टोव्हवर धरला. मनात म्हटलं, चार्टवरच्या फोटोकडं त्यांचं लक्ष गेलेलं नाही, तिथं आहे ना ती...

अर्ध्या तासानं हॉलमध्ये गेलो. चार्टवरच्या फोटोत सहा मुलं होती.

फोटो कापलेला नव्हता, खरवडलेला नव्हता. चारही कडा खळीनं घट्ट. कुंदाच्या जागी मागची भिंत दिसत होती आणि भिंतीत एक खिडकी, खालची काच फुटलेली. ती खिडकी फोटोत आधी कधीच दिसली नव्हती, कुंदाच्या पाठीमागं झाकलेली होती. मी बाहेर जाऊन, फोटो जिथं काढला होता ती प्रयोगशाळेची भिंत पाहिली. खिडकी तिथंच होती. फुटलेली काचही तीच.

परत आलो तर बाई चार्टपुढं उभ्या.

"गुरुजी, कुंदा कुठी गेली जी?"

"ती या फोटोत नव्हतीच, बाई," मी म्हणालो. "तुम्हाला भास होत असेल."

अगदी शांतपणे म्हणालो. त्यांनी मान हलवली. गुरुजी कशाला खोटं बोलतील...

पुढच्या आठवड्यात मी पांढुर्ण्याला गेलो. स्टुडिओवाल्यानं निगेटिव्ह उजेडात धरली.

"सहाच तर आहेत, सर. सातवं कोण म्हणता?"

त्यानंतर कितीतरी जाणकारांना विचारलं. खळीनं फोटो पिवळा पडतो, केमिकल राहिलं तर डाग पडतात. पण माणूस जाऊन त्याच्यामागची खिडकी कशी येते, हे कोणाला सांगता आलं नाही. मलाही नाही.

बाई चार्टपुढं पुन्हा कधी थांबल्या नाहीत. दोन वर्षांनी सौंसरच्या बसस्टँडवर भेटल्या. छिंदवाड्याच्या गाडीची वाट पाहत होत्या.

"गुरुजी, तुम्ही तं शिकवलं तिले. मले तिचं तोंड याद नाही राहिलं आता. सांगा ना, कशी दिसे?"

मी तोंड उघडलं. वर्षभर रोज समोर बसलेली मुलगी... नाक, डोळे, केस, काहीच येईना.

"तुमच्यासारखीच," मी म्हणालो.

बाईंनी स्वतःच्या गालावरून हळूहळू हात फिरवला. मग गाडीत चढल्या.

कुंदा खरंच त्यांच्यासारखी होती का, मला माहीत नाही.