जिनिंगमधली भिंत

"डाक्टरसाब, पोरगी बोलत नाही काय?"

मिस्त्रींनी हे बाबांना हळूच विचारलं होतं. पण मिस्त्रींचं हळू म्हणजे रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर ऐकू जाईल एवढं. तीस वर्षं कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशिनींजवळ काढल्यामुळे त्यांचे कान अर्धे गेले होते. मी दोन हात अंतरावर उभी राहून माझ्या चपलांकडे बघत होते.

"बोलते. इंग्रजीत जास्त," बाबा म्हणाले.

"मंग तेच पाह्यजे," म्हणत मिस्त्रींनी पिशवीतून एक पुस्तिका काढली.

कापसाचे भाव पडले त्या वर्षांत यवतमाळबाहेरची ते काम करत ती जिनिंग बंद झाली होती. तेव्हापासून ते बाबांच्या लहान पेशंटांचे पायांना आधार देणारे कॅलिपर आपल्या दुकानात दुरुस्त करायचे. एकदा कॅलिपर दुरुस्त होईपर्यंत बसून राहायला सांगितलेला एक मुलगा नुसत्या हातांनी दुकानाच्या ग्रीलवर छतापर्यंत चढला आणि खाली यायला तयार होईना. बाकीचे ओरडले. मिस्त्री मात्र खाली उभे राहून बघत राहिले. मग मालकाकडून त्यांनी जिनिंगचं रिकामं शेड मागून घेतलं आणि लोखंडी सांगाड्यावर फळ्या ठोकून चढायची भिंत उभी केली. पुण्याच्या काही गिर्यारोहकांनी वापरलेले दोर आणि पट्टे दिले, चार दिवस येऊन शिकवलंही. जाताना ती पुस्तिका ठेवून गेले. ती इंग्रजीत होती. बारावीनंतरच्या सुट्टीत मला तिथं पाठवलं ते ती वाचून दाखवायला.

मिस्त्री कधी कागदावर मापं घेत नसत. नवीन मूल आलं की ओल्या मातीचा गोळा त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "दाब. जोरात दाब, कोणाचा राग असंन तो काढ." बोटांचा जो ठसा उठायचा, त्याच्यावरून ते बाभळीच्या लाकडाची खुंटी कोरायचे. एका मुलाच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती. त्याच्या खुंट्यांना दोनच खाचा होत्या आणि बाकीची मुलं त्यांवर चढायला गेली की घसरायची. तो मुलगा खाली बसून हसायचा. भिंतीखाली कवडी, म्हणजे किडक्या, कापसाच्या जाड गाद्या होत्या. "बजारात याले कोणी इचारत नाही," मिस्त्री म्हणायचे, "पडणाऱ्याले इचारा."

शीला आली तेव्हा त्यांनी उजव्या हाताच्या सगळ्या खुंट्यांना सुतळी गुंडाळली आणि डाव्या तशाच ठेवल्या. शीला बोरी अरबजवळच्या तांड्यावरची, अकरा वर्षांची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. आठवड्यातून दोनदा वडील तिला एसटीनं आणायचे आणि दारातच भिंतीकडे पाठ करून बसून राहायचे, कारण ती वर गेलेली त्यांना बघवत नसे.

दोर धरायचे मिस्त्रींचे दोन नियम होते. एक, दोर ओढायचा नाही, किंचित सैल ठेवायचा. "पोरगं सोताच्या जोरावर चढलं पाह्यजे. आपण काय इहिरीतून बादली काढून राह्यलो काय?" आणि दुसरा, वरून "धरलं का?" असं विचारलं की खालून मोठ्यानं "धरलं" म्हणायचं. प्रत्येक वेळी. मी पुटपुटायचे, तेव्हा ते कानाला हात लावून माझ्यासमोर वाकायचे. "मले ऐकू येत नाही, तिले दिसत नाही. मंग तोंड कायले देलं त्यानं?" मुलं हसायची. मीही हसायचे, पण आवाज वाढायचा नाही. माझं मराठी ऐकून शाळेबाहेरचे लोक हसतात हे मला ठाऊक होतं, आणि एकदा हे ठाऊक झालं की माणूस कमी बोलायला शिकतो.

त्या दिवशी बाकीची मुलं गेली होती, शीला भिंतीच्या मध्यावर होती आणि दोर मिस्त्रींच्या हातात होता. फाटकावरून मालकांनी हाक मारली. त्यांच्यासोबत दोन पाहुणे होते. मिस्त्रींनी दोर माझ्या हातात दिला, "बोलत राह्य" म्हणाले आणि बाजूच्या दारानं गेले. दोर धरणारा बदलला हे शीलाला सांगायचं ते विसरले. एवढी एकच चूक त्यांची.

पाहुणे त्याच दारानं आत आले आणि माझ्यामागे उभे राहिले.

"चाचा, धरलं का?" शीलानं विचारलं.

दोर मी नीट धरला होता. मी मान हलवली.

"चाचा? धरलं का?"

पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, "ही का बोलत नाही?" मी पुन्हा मान हलवली, आणखी जोरात. जिला दिसत नाही तिच्याकडे बघून.

दोर कोणीच धरलेला नाही असं समजून शीला एकटीच उतरू लागली. पायाला खुंटी सापडली नाही. दोरानं तिला धरलं, पण झोका बसून हनुवटी सांगाड्यावर आपटली. चार टाके पडले.

तिचे वडील रक्त बघून धावत आले. "दोर कोणाच्या हाती होता?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मिस्त्री म्हणाले, "माह्या. म्या ऐकलं नाही." मला तोंड उघडायला वेळच मिळाला नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खरं तर मला बोलायला भरपूर वेळ होता.

आठवड्याभरात मालकांनी शेडला कुलूप लावलं. पानठेल्यावर मस्करी सुरू झाली, आंधळीचा दोर भैऱ्याच्या हाती. मी दुकानात गेले, तेव्हा मिस्त्री एक कॅलिपर घासत होते. "आपण सांगू या ना," मी कशीबशी म्हणाले.

"तू पुन्याले शिकाले चालली. मले लोक भैरा तं आधीच म्हणतेत. जाय."

मी गेले. जायला सांगितल्याचं बरंच वाटलं होतं मला.

मिस्त्री वारले ते मला महिन्यानं कळलं, आईनं फोनवर दुसरंच काही सांगताना मधे सांगितलं. भिंतीच्या फळ्या कोणीतरी गोठ्याला नेल्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी एसटीनं बोरी अरबला उतरले आणि तांड्यावर चालत गेले. शीला अंगणात बसून शेंगा सोलत होती. हनुवटीवर पांढरी रेघ होती. वडिलांनी खाट टाकली, पाणी दिलं. मिस्त्रींचा विषय त्यांनीच काढला, "माणूस दिलाचा होता बाई. पण त्या दिवशी ध्यान नाही राह्यलं त्याचं."

"बापू, चाचाले ऐकूच आलं नसंन," शीला म्हणाली. मग माझ्या दिशेनं वळून तिनं विचारलं, "हो ना, ताई?"

मी मान हलवणार होते.

"चाचा तिथं नव्हते, शीला," मी म्हणाले. माझा आवाज शेजारच्या अंगणात पोचला असणार, कारण तिथली बाई वळून बघू लागली. "दोर माझ्या हातात होता. तू दोनदा विचारलंस, ते मी ऐकलं होतं."