दिघे सरांनी नाव घेतल्याशिवाय उठायचं नाही

शाळेतले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. कपाटावरच्या जुन्या चार्टपेपरांसारखे ते आपोआप साठत जातात. आमच्या स्टाफरूममध्ये एकाने सुरुवात केली की दुसरा लगेच म्हणतो, "हे तर काहीच नाही!" पण हल्ली कुठूनही सुरुवात झाली तरी गाडी दिघे सरांपाशीच येऊन थांबते.

*

आमची शाळा मिशनची. उज्जैनचे ऑटोवाले तिला "सिस्टरवाला स्कूल" म्हणतात. वर्षाच्या शेवटी इथे थँक्सगिव्हिंग असतं. वर्षभरात जे जमलं त्याबद्दल देवाचे आभार आणि मुलांना बक्षिसं. आमच्या प्रिन्सिपल सिस्टर केरळच्या. त्यांचा नियम एकच, "एक भी बच्चा खाली हाथ घर नहीं जाना!"

त्यामुळे मीटिंगमध्ये आमचा जीव मेटाकुटीला येतो. प्रत्येक मुलाने काहीतरी मिळवलेलं शोधून काढायचं! एका वर्षी पाचवीतल्या एका महा उपद्व्यापी कार्ट्यावर सगळं अडलं. अभ्यास नाही, खेळ नाही, गाणं नाही. शेवटी पीटीचे सर वैतागून म्हणाले, "साल भर में एक बार भी पकड़ा नहीं गया. यही अचीव्हमेंट है!"

सिस्टरने शांतपणे लिहिलं, "बक्षीस, सावधपणाबद्दल."

*

ही सगळी नावं स्टेजवरून पुकारायचे ते दिघे सर. संस्कृत शिकवायचे. गळ्यात जानवं आणि हातात चर्चने दिलेला माईक! आवाज असा की शेवटच्या रांगेतले झोपलेले आजोबाही सावरून बसायचे.

कार्यक्रमाआधी सर वर्गावर्गात जाऊन प्रत्येकाला विचारायचे, "घर पे मम्मी कैसे बुलाती है? वैसे बोल के बता." मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं जसंच्या तसं घ्यायचे. साहजिकच कार्यक्रम लांबायचा. पोटात कावळे ओरडायला लागले की आम्ही कुरकुरायचो. एकदा मीच म्हटलं, "सर, नुसतं पहिलं नाव घ्या ना. वेळ वाचेल."

"बिल्कुल नाही मॅडम! नाव अर्धं घेतलं तर मूलही अर्धंच उठतं."

आम्ही खूप हसलो होतो तेव्हा.

*

सरांचा मुलांना एकच दम होता, "मैं नाम लूँ तभी उठना. और कोई भी बुलाए, कुर्सी नहीं छोड़ना." धक्काबुक्की होऊ नये म्हणून केलेला नियम. पण मुलांनी तो असा पाळला की मोठी मुलं नव्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवायची.

एका वर्षी पाहुणे जरा उत्साही निघाले. सर पाणी प्यायला वळले तेवढ्यात पाहुण्यांनी टेबलावरचा बक्षिसाचा कप उचलला, त्यावरचं नाव वाचलं आणि स्वतःच पुकारलं. मुलगी ढिम्म. पुन्हा पुकारलं. तिचे वडील मागून हातवारे करून थकले. शेवटी ती जागेवरूनच ओरडली, "सर ने अभी नहीं बुलाया!"

पाहुण्यांनी कप परत टेबलावर ठेवला.

*

फ्रीगंजच्या एका हॉलमध्ये आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं लग्न होतं. आम्ही सगळे जेवायच्या रांगेत. तेवढ्यात नवरीचा भाऊ धावत आला. "सर, दीदी बोल रही है, स्टेज पर आप बुलाओगे तभी आएगी!"

सरांनी ताट खाली ठेवलं, माईक घेतला आणि शाळेतलं तिचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. नवरी हसत हसत आली. तिची आई मात्र पदराने डोळे पुसत होती. परत आल्यावर सर म्हणाले, "मॅडम, माझी कढी कोणी पळवली?"

*

या वर्षी शाळा सुरू झाल्यावर सरांच्या घशाचं ऑपरेशन झालं, इंदूरला. जीव वाचला, आवाज गेला. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. शाळेत परत आले ते गळ्याला मफलर आणि हातात पहिलीतली पाटी घेऊन. सरांनी पाटीवर लिहिलं, "समोसे मागवलेत की नाही?"

मग आम्ही त्यांचा आवाज शोधायला लागलो. इतक्या वर्षांत कोणीतरी रेकॉर्ड केलाच असेल ना! पालकांकडून कितीतरी व्हिडिओ मागवले. प्रत्येक व्हिडिओत सरांनी नाव घ्यायला आणि आईने "बेटा, इधर देख!" ओरडायला एकच गाठ. एवढा मोठा आवाज, पण कुठेच धड सापडला नाही. ते नावं घेत असताना आम्ही घड्याळाकडे बघत बसलो होतो, हे आजही मनाला लागतं.

एकदा मी विचारलं, "सर, कशाचं जास्त वाईट वाटतं?" त्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, "या वर्षीची नावं राहिली."

*

या वर्षीचं थँक्सगिव्हिंग. नावं पुकारायला एक तरुण सर ठरले होते. आवाज चांगला, तयारीही चोख. रिहर्सलच्या दिवशी दिघे सर तपासणीला इंदूरला गेले होते. मुलं एकामागून एक उठली, सगळं सुरळीत पार पडलं.

कार्यक्रमाला दिघे सर आले. सिस्टरने त्यांना स्टेजवर कडेच्या खुर्चीत बसवलं. प्रार्थना झाली, भाषण झालं. तरुण सरांनी पहिलं नाव घेतलं, "आराध्या मनोज पाटीदार."

कोणी उठलं नाही.

त्यांनी पुन्हा घेतलं. पहिलीतली आराध्या तिसऱ्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसली होती. सगळी मुलं दिघे सरांकडे बघत होती. पाहुणे कप हातात धरून उभे. मागून पालकांची कुजबुज सुरू झाली. तरुण सरांना घाम फुटला.

सिस्टर उठल्या. त्यांनी स्टँडवरून माईक काढून दिघे सरांसमोर धरला. सरांनी मान हलवून नको म्हटलं. सिस्टरने माईक तसाच धरून ठेवला.

सर उभे राहिले, मफलर नीट केला. ओठ हलले. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. माईकमधून नुसती खरखर आली.

आराध्या उठली आणि ताठ मानेने स्टेजकडे चालायला लागली.