म्हाताऱ्याला कडबा

आमचा ससा म्हातारा झाला, तेव्हा त्याला आता जाऊ द्यायचं, असं आमच्या गोतावळ्यानं परस्पर ठरवून टाकलं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी 'नाही' म्हणाले असते, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात मी जिजाऊ केलेली असल्यामुळे ते 'नाही' शेजारच्या गल्लीपर्यंत गेलं असतं. त्या भीतीनंच विचारलं नसावं.

ससा लेकीनं आणलेला. ती सातवीत होती आणि तो तिच्या मुठीत मावत होता. पुढं ती शिकायला पुण्याला गेली. वसतिगृहात ससा चालत नाही म्हणून तो माझ्या पदरात पडला. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, आणि स्वभावानं आमच्या ह्यांच्यापेक्षा बराच बोलका. राग आला की मागचा पाय फरशीवर आपटायचा. आमचे हे राग आला की वर्तमानपत्र उघडतात.

हिंगोलीत ससा पाळणं म्हणजे लोकांना स्वतःहून विषय पुरवणं. आमच्याकडे ससा म्हटलं की माणसाला दोनच रूपं आठवतात, एक तुरीतून पळणारं आणि दुसरं ताटातलं. माझे दीर कुरुंद्याला शेती करतात. हळद विकायला हिंगोलीच्या मोंढ्यात आले की जेवायला आमच्याकडे. चपला काढायच्या आधी त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा.

"वैनी, मसाला कुटला का?"

"कुटलाय भाऊजी. पण तुमच्या अंगाला पुरायचा नाही."

येणारे-जाणारे इतर लोक जरा सभ्यपणे विचारायचे. दूध देतो का? अंडं देतो का? निदान राखण तरी करतो का? मी त्यांनाच उलट विचारायचे, "तुम्ही यातलं काय काय देता?" मग ते चहा घाईघाईनं संपवायचे.

सासूबाईंचा सुरुवातीला सशाला विरोध होता. देवघराच्या चौकटीत तो दिसला की त्या पदर खोचून उभ्या राहायच्या. पण पुढं दोघांचंही चालणं मंदावलं आणि त्यांची गट्टी जमली. दुपारी पुढच्या खोलीत पंख्याखाली त्या बाजेवर आणि तो बाजेखाली. दोघंही डोळे मिटून जागे असायचे. माणूस थकला की आमच्याकडे त्याचं जेवण मऊ होत जातं. भाकरी दुधात कुस्करायची, खिचडी सैल करायची, बिस्कीट चहात बुडवून द्यायचं. हे प्रेमच असतं, आणि त्यावर कोणी शंका घेत नाही. सासूबाईंनी तेच प्रेम सशाला लावलं. त्याच्यापुढची कडब्याची पेंढी त्यांनी एक दिवस उचलून बाहेर ठेवली.

"दात थकले त्याचे. काहून छळून राहिली मुक्या जीवाला?"

मग त्याला बशीत दुधातली भाकरी आली. चहातलं बिस्कीट आलं. तो ते मिटक्या मारत खायचा आणि मिशांना लागलेला चहा पुसत बसायचा. आम्ही सगळे त्यावर खूश. लेकीला व्हिडिओ पाठवला, तिनं लाल बदामांची रांग पाठवली. वृद्धाश्रमांच्या या काळात आमच्या घरात सशाचंही म्हातारपण गोड चाललंय, असं मी एका लग्नात चारचौघींना सांगितलंसुद्धा.

काही आठवड्यांनी त्याची हनुवटी ओली दिसायला लागली. लाळ गळायची. मग बिस्किटाकडे तो तोंड न्यायचा आणि परत घ्यायचा, जणू ते गरम आहे. मग तेही बंद झालं. आणि त्याच्या लेंड्या, ज्या एरवी घरभर सांडलेल्या असायच्या आणि ज्यांच्यावरून माझ्या नावानं शंख व्हायचा, त्या आधी बारीक झाल्या आणि मग थांबल्याच. शेळ्या पाळणाऱ्या घरात मी वाढले. लेंडी थांबणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर मोठे भले गृहस्थ. त्यांनी सशाला टेबलावर ठेवला, चारी बाजूंनी पाहिला आणि हात जोडले. "ताई, म्हैस अडली तर मी जेवणावरून उठून येईन. पण याच्या तोंडात माझं बोटसुद्धा मावत नाही. नांदेडला लहान जनावरांच्या एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे न्या. वेळ लावू नका."

घरी आले तर सभा भरलेली. दीर मोंढ्यातून जेवायला आलेले. सासूबाईंनी माझ्याकडून ससा घेतला आणि त्या त्याच्या ओल्या हनुवटीला तेलात कालवलेली हळद लावायला बसल्या. हे खुर्चीत.

"वय झालं वैनी," दीर म्हणाले. "कुठं नांदेडला नेता. जाऊ द्या आता सुखानं."

"वय झालंय गं त्याचं," हे म्हणाले.

मी पिशवी खाली ठेवली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिले. "या घरात ज्याचं वय झालं नाही, त्यानं हात वर करा."

सासूबाईंनी हळदीचा हात पदराआड घेतला.

"भाऊजी, मिशीला कलप कशाला लावता? वय झालं, जाऊ द्या की सुखानं ती मिशी. आणि तुम्ही," मी ह्यांच्याकडे वळले, "गुडघा दुखतो म्हणून मागच्या महिन्यात परभणी गाठली होती. तेव्हा मी म्हणाले का, की वय झालं, गुडघा राहू द्या?"

"आता माणसाची गोष्ट वेगळी," हे पुटपुटले.

"वेगळीच आहे. तो तुमच्यासारखी कुरकूर करत नाही."

दीर खाली बघून हसायला लागले आणि तिथंच सापडले. त्यांची हळद उतरलेली होती, पिकअप गाडी रिकामी दारात उभी होती, आणि मला ते माहीत होतं. मी भाकरीची टोपली धुऊन त्यात जुनं लुगडं अंथरलं, ससा आत ठेवला आणि सरळ गाडीत जाऊन बसले. न जेवता गाडी चालवावी लागली म्हणून दीर बाळापूर सोडेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. बाळापूरच्या पुढं म्हणाले, "वैनी, खड्डा आला. टोपली धरा बराबर."

नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणजे आमच्या लेकीपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठी असेल अशी पोरगी. तिनं टोपलीवरचा रुमाल काढला आणि तिचा चेहराच उतरला.

"याला कावीळ कधीपासून आहे?"

मी वाकून पाहिलं. सासूबाईंनी नुसती हनुवटी रंगवली नव्हती. गळा, छाती, दोन्ही पंजे, आणि जाता-जाता कानसुद्धा. गाडीत उरलीसुरली हळद उडून पाठीवर बसली होती. नवरदेव दिसत होता अगदी.

"कावीळ नाही हो. हिंगोलीचा आहे," मी म्हणाले. "आमच्याकडचे पाहुणेसुद्धा असेच परत जातात."

ती हसली, पण त्याच्या तोंडात लहानशी बॅटरी घालून पाहिल्यावर हसू गेलं. मग तिनं मला पुढं बोलावून दाखवलं. सशाचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. वाळलं, खरखरीत खाणं चावून-चावूनच ते झिजतात. आमच्या मऊ भाकरीनं आणि बिस्किटानं ते झिजायचे थांबले होते. मागच्या दाढांना काट्यासारखी टोकं आली होती आणि ती जिभेत रुतत होती. दात थकले म्हणून तो खात नव्हता असं नाही, उलट त्याचे दात फार तरतरीत होते. आणि पोटालाही काड्या-गवताची सवय. ती मिळाली नाही म्हणून पोट बंद पडलं होतं.

"मऊ खाणं कोणी सुरू केलं?"

"माया," मी म्हणाले. "आमच्या घरात ती फार आहे."

"भूल देऊन दाढा घासाव्या लागतील," ती म्हणाली. मग जरा थांबली. "पण वय झालंय त्याचं. भुलीतून उठेल याची खात्री नाही."

नांदेडपर्यंत येऊन पुन्हा तेच वाक्य! पण हिच्या तोंडून ते वेगळं ऐकू आलं. ही जाऊ द्या म्हणत नव्हती.

"तुम्हाला जमतं का?" मी विचारलं.

"मला जमतं."

"मग त्याचं तो बघेल. करा."

बाहेर येऊन बसले तर बाकावर दीर नव्हते. ते दवाखान्याच्या दारात येरझाऱ्या घालत होते, पहिलटकरणीच्या नवऱ्यासारखे. दार वाजलं की वळून बघायचे. मला बघितलं की मोबाइल बघायचे. शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "लई वेळ लावून राहिले. इचारू का आत?"

"कशाला? मसाला वाळतोय का घरी?"

"वैनी, येळ काय, बोलता काय," ते म्हणाले, आणि खरोखर दुखावले. मी बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली.

तो भुलीतून उठला. डोळे अर्धे उघडे आणि मान टोपलीच्या काठावर. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, सुई काढलेल्या सिरिंजनं पातळ खाणं भरवायचं शिकवलं, पोट हलक्या हातानं चोळायला सांगितलं. "पण खरं औषध म्हणजे वाळलं गवत. कडब्याची पाती. समोर सतत राहू द्या. भाकरी नाही, दूध नाही, बिस्कीट तर दाखवूसुद्धा नका. आणि लेंडी टाकली की मला फोन करा. तोवर तो वाचला असं समजू नका."

घरी येऊन मी हा हुकूम सुनावला. सासूबाईंना आधी वाटलं मी थट्टा करतेय. मग मी बशी उचलली तेव्हा त्या बाजेवर ताठ बसल्या.

"म्हाताऱ्याला कडबा?"

"हो, आत्याबाई."

"आज त्याला घालून राहिली, उद्या मला घालशील."

"तुमचे दात वाढायला लागले तर तुम्हालाही घालीन."

यावर त्यांनी स्वतःचंच बिस्कीट बंद केलं. चहा नुसता प्यायच्या, आणि प्रत्येक घोटाला माझ्याकडे बघायच्या. हे दोन्हीकडून तोंड चुकवत होते. ससा कोपऱ्यात फुगून बसलेला. सिरिंजनं भरवलेलं निम्मं आत जायचं, निम्मं माझ्या साडीवर. कडब्याकडे तो ढुंकूनही बघत नव्हता. त्याच्याखाली मी वर्तमानपत्रं अंथरली होती आणि येता-जाता वाकून बघत होते. पेपर कोरडा आणि कोरा. ह्यांनाही सवय लागली. सकाळी हातात ताजा पेपर असायचा आणि नजर कालच्या पेपरावर, सशाखालच्या.

दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचं पोट चोळत होते आणि माझा धीर खरंच सुटत चालला होता. तेवढ्यात सासूबाई बाजेवरून उतरल्या. भिंतीला धरून खाली बसल्या आणि पेंढीतून एक वाळली पात ओढली.

"तुला पटत न्हाई ना? आता बघ डोळ्यानं. मी धरते त्याच्या तोंडाशी. खातो का बघ. मग ठेव तुझी डॉक्टरीण तुझ्यापाशी."

त्यांनी पात धरली. त्याचं नाक हललं, थांबलं, पुन्हा हललं. रोज बाजेखालून तो ज्या हाताची वाट बघायचा, तोच हा हात होता. त्यानं मान पुढं केली आणि पातीचं टोक दातांत धरलं. आणि मग तो आवाज आला. कचकच, कचकच, कचकच. ती लांबच लांब पात इंचाइंचानं आत जात राहिली. सासूबाईंच्या चेहऱ्यावर हरल्याचं कुठं दिसतंय का, म्हणून मी बारकाईनं बघत होते. पात संपली, त्याचं नाक त्यांच्या बोटाला टेकलं, आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"हाताला गुण लागतो. तुझ्या हातानं न्हाई खायचा तो."

आणि दुसरी पात ओढली.

सासूला श्रेय देण्याइतकी मी मोठ्या मनाची नाही, पण त्या सकाळी मी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात गेले. रडत होते की हसत होते, ते पातेल्यांना माहीत.

दुपारी सासूबाईंनी हाक मारली. हाक कसली, आरोळीच. धावत गेले. वर्तमानपत्रावर, भाजीच्या भावांच्या बरोबर मधोमध, लेंड्या पडल्या होत्या. गोल, कोरड्या, आतून गवत दिसणाऱ्या. सासूबाई त्यांच्याकडे नातवाचं बारसं असल्यासारख्या बघत होत्या. ससा त्यांच्या पलीकडे उभा राहून कडबा ओढत होता, आणि मी पोट चोळायला हात पुढं केला तसा त्यानं फाडकन पाय आपटला.

तो काही अमर नाही. एक दिवस जाईल, मला कळतं. पण त्याच्या जाण्याची तयारी बाकीच्यांनी त्याच्यासमोर बसून करायची, हे माझ्या घरात चालणार नाही.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. मग दिरांना लावला. पलीकडे मोंढ्यात हळदीचा लिलाव चाललेला, भावाच्या आरोळ्या ऐकू येत होत्या.

"भाऊजी, टाकल्या! लेंड्या टाकल्या त्यानं!"

"वैनी, हळू," ते कुजबुजले. "आवाज बाहेर येऊन राहिला. चार माणसं बघून राहिली माझ्याकडं."

"किती माणसं आहेत तिथं?"

"लई हायेत. पन्नासेक तरी."

"मग फोन जरा वर धरा," मी म्हणाले, आणि दीर्घ श्वास घेतला.