पंचनाम्याचे फोटो काढणारी

शैलेशच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली ती एका वरातीत. डीजेपुढं कोणी नाचायचं यावरून दोन टोळकी एकमेकांना भिडली, खुर्च्या उडाल्या, आणि बाकीचे पळाले तरी शैलेश कॅमेरा डोळ्याला लावून तिथंच उभा राहिला. भांडणाचं शूटिंग करावं असं काही त्याच्या मनात नव्हतं. नवरदेव घोड्यावरून उतरताना त्याला हवा होता, एवढंच. पण कुणाला तरी वाटलं की हा आपल्यालाच टिपतोय. कोयता कॅमेऱ्यावर मारला होता, बसला बोटांवर.

कॅमेरा मात्र वाचला. नांदे गावातली माणसं तो घरी घेऊन आली तेव्हा त्याच्या मुठीच्या रबरात रक्त सुकलं होतं. त्याच्या बायकोनं, गौतमीनं, ते कान कोरायच्या काडीनं खरवडून काढलं, बॅटरी काढून ठेवली आणि कॅमेरा कपाटात टाकला. तो तिनं पुन्हा बाहेर काढला पाच महिन्यांनी. तोवर तिनं आयुष्यात मोबाईलवरसुद्धा धड फोटो काढलेला नव्हता.

फाट्यावर त्यांचा एक गाळा होता. फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. हिंजवडीच्या कंपन्यांत नोकरीला आलेली मुलं नांद्यात खोल्या घेत, आणि भाडेकराराला, पोलिसांच्या पडताळणीला फोटो काढायला याच गाळ्यात येत. गाळा आणखी बंद राहिला तर गिऱ्हाईक दुसरीकडं वळणार हे दोघांनाही दिसत होतं. शैलेश गळ्यात हात अडकवून स्टुलावर बसायचा आणि गौतमी कॅमेरा धरायची.

पहिले दोन महिने तिनं काय काय चुका केल्या त्याला गणती नाही. कुणाचं डोकं कापलं जाई, तर कुणाच्या मागं पडद्यावर दुसरं डोकं उभं राहावं तशी काळी सावली पडे. ट्यूबच्या उजेडात माणसं कावीळ झाल्यासारखी पिवळी येत. बरीचशी तर हललेलीच असत, कारण बटण दाबताना तिचा अख्खा दंड दाबला जाई. शैलेश म्हणायचा, कोपरं पोटाला चिकटव, श्वास सोड आणि मग दाब. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो तिला बाहेर पिटाळायचा. कोंबड्या, पाण्याची टाकी, समोरच्या अर्धवट इमारतीचे गज, गंगूबाईच्या वडापावच्या गाडीवरची कढई, जे दिसेल ते पन्नास वेळा काढून आणायचं. मग तो डाव्या अंगठ्यानं एकेक फोटो पुसून टाकायचा. पन्नासातला एखादा राहायचा, कधी तोही नाही.

एकदा अनिमेष नावाचा एक मुलगा व्हिसाच्या फोटोसाठी आला. गौतमीनं तीनदा काढला आणि तिन्ही वेळा त्याच्या चष्म्यावर फ्लॅशचा डाग आला. तो घड्याळाकडं बघत, बावधनला काढतो म्हणून निघून गेला. त्याची गाडी फाट्यावरून वळायच्या आत शैलेशनं टेबलावरचा स्टेपलर उचलून तिच्या तोंडावर मारला. भुवई फाटली आणि डोळ्यात रक्त उतरलं. दवाखान्यात तीन टाके पडले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा गौतमीनं कपाटाचं दार लागल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळा उघडल्यावर ती आरशापुढं उभी राहिली आणि तिनं आपल्याच भुवईचा फोटो काढला. पहिला नुसता पांढराफटक आला, जखम कुठंच दिसेना. मग तिनं फ्लॅशवर पातळ कागद लावला, थोडी मागं सरकली, आरशात तिरकी झाली. सहाव्या फोटोत टाके मोजता येत होते आणि खालचा निळा-काळा डाग जसाच्या तसा आला होता. तिनं कॅमेरा शैलेशपुढं धरला.

"हा बरोबर आला का?"

शैलेशनं डाव्या अंगठ्यानं फोटो मोठा करून टाके मोजले.

"व्हय," तो म्हणाला. "बरोबर आलाय."

तो फोटो त्यानं पुसला नाही. माफीही मागितली नाही, पण त्यानंतर त्यानं कधी तिच्यावर काही फेकलं नाही.

लग्नांबरोबर शैलेशचं आणखी एक काम असे. चौकीतले माऊली हवालदार अपघाताला, मारामारीला, विहिरीत कुणी सापडलं तर पंचनाम्याचे फोटो काढायला त्यालाच बोलवत. मार्गशीर्षातल्या एका सकाळी सात वाजता त्यांचा फोन आला. दुसरा फोटोग्राफर गावाला गेला होता आणि पुण्याहून कुणी यायला दुपार झाली असती. शैलेशनं आपल्या हाताकडं पाहिलं आणि फोन गौतमीकडं दिला. ती नाही म्हणाली. माऊली म्हणाले, वहिनी, जसे येतील तसे येऊ द्या, पण या.

ओढ्यापलीकडच्या भातखाचरात किशोर पडला होता. तिशीतला माणूस. चुलतभाऊ वाल्मीक आणि तो, दोघांच्या जमिनींच्या मधल्या बांधावरून त्यांचं वर्षभर धुमसत होतं, कारण तिथून रस्ता निघाला तर पलीकडची वाल्मीकची जमीन बिल्डरला देता येणार होती. पहाटे किशोर बांधावर दगड रचायला गेला आणि वाल्मीकनं त्याला आधी फावड्यानं पाडलं, मग कोयत्यानं मारलं. गावातल्या एका गड्यानं लांबून पाहिलं होतं. भाताच्या कापलेल्या धसांत किशोर पालथा होता. एक कान अर्धा तुटून लोंबत होता. मानेवर मागून तीन घाव होते, आणि तिसरा इतका खोल की त्यात पांढरं हाड दिसत होतं. रक्त मातीत मुरून तिथला चिखल काळा झाला होता आणि त्यावर माश्या घोंगावत होत्या.

गौतमीनं पिशवीतून कॅमेरा काढला. मग ती बटण दाबायला लागली. चौदा फोटो काढल्यावर तिनं मागं स्क्रीनवर पाहिलं तर चौदाच्या चौदा हललेले होते. तिनं कोपरं पोटाला चिकटवली, श्वास सोडला. आता फोटो स्थिर आले, पण ऊन समोरून असल्यामुळं किशोर नुसता काळा ढीग दिसत होता. ती वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली तर तिची स्वतःची सावली त्याच्या पाठीवर पडली. ती धसांत गुडघे टेकून बसली, मग कोपरांवर झाली. आधी चारी कोपऱ्यांतून सगळं खाचर, मग अर्ध्यातून, मग जवळून, हे शैलेशनं निघताना सांगितलं होतं. घाव केवढा ते कळायला काहीतरी शेजारी हवं म्हणून तिनं फोटो कापायची स्टीलची पट्टी पिशवीतून काढली आणि मानेजवळ धरली. पट्टीच्या टोकाला रक्त लागलं.

तेवढ्यात किशोरची आई, सगुणाबाई, दोन बायांच्या हातांतून सुटल्या. साठीच्या त्या बाईनं बांधावरचा दगड उचलला आणि गौतमीच्या पाठीत घातला. गौतमी पुढं कोलमडली, कॅमेरा तिनं पोटाशी घेतला. दुसरा दगड खांद्याला लागला. पोलीस धावले तोवर सगुणाबाईंनी तिच्या केसांना धरून तिला मागं ओढलं होतं.

"त्याला असा उघडा काढू नगं," सगुणाबाई ओरडत नव्हत्या, दातांतून बोलत होत्या. "सदरा वर गेलाय त्याचा. लाज हाय माज्या लेकाला."

हात लावायला मनाई होती. गौतमीनं केस सोडवले, आणि पाठ दुखत असतानाही उरलेले फोटो काढले. सगळी मापं झाल्यावर, माऊलींनी मान हलवल्यावर, तिनं किशोरचा सदरा खाली ओढला. कॅमेऱ्यातलं फोटोंचं कार्ड त्याच दिवशी चौकीत सीलबंद झालं.

चौथ्या दिवशी भर दुपारी वाल्मीकचा भाऊ बहिरू दोघांना घेऊन गाळ्यात शिरला. कार्ड मागितलं. गौतमीनं सांगितलं की कार्ड चौकीत आहे. त्यांनी हेल्मेटनं कॉम्प्युटर फोडला, काचेचं कपाट आडवं केलं, आणि मग बहिरूनं तिचं मनगट धरून तिचा पंजा कागद कापायच्या कटरखाली दाबला.

"नवऱ्याची तीन गेली. तुजी किती ठिवू?" तो म्हणाला.

पातं बोटांना टेकलं आणि कातडी फाटली. शैलेश स्टुलावरून उठून डोकं खाली घालून बैलासारखा बहिरूच्या बरगड्यांवर आदळला. बाकीच्या दोघांनी त्याला खाली पाडून लाथांनी आणि हेल्मेटनं तुडवलं. त्याचं नाक मोडल्याचा आवाज गौतमीला ऐकू आला. तिचा हात सुटला होता. शेजारी लाईटचा लोखंडी स्टँड होता, तो तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि बहिरूच्या जबड्यावर घातला. दोन दात लाद्यांवर पडले. त्यानं हात वर केला, तो दुसऱ्या फटक्यानं मोडला. तो गुडघ्यांवर आला, मग कुशीवर पडला. तो पडल्यावर तिनं तिसरा फटका मारला, पाठीत, पूर्ण जोर लावून.

उकळत्या तेलाचा झारा घेऊन गंगूबाई दारात उभी राहिली तेव्हा ते दोघे बहिरूला टाकून पळाले. गुन्हा दोन्हीकडून नोंदला गेला. शैलेशच्या दोन बरगड्या तुटल्या होत्या, गौतमीच्या बोटांना नऊ टाके पडले. पुढं माणसं तिच्याकडं कौतुकानं बघत, बायका म्हणत, बरं केलंस. पहिले दोन फटके तिला नीट आठवत नव्हते. तिसरा मात्र लख्ख आठवत होता. तो मारताना तिला कळत होतं की माणूस पडलेला आहे.

टाके निघाल्यावर तिनं पुन्हा कॅमेरा हातात घेतला. माऊली बोलवत गेले आणि ती जात गेली. चांदणी चौकाकडच्या रस्त्यावर टँकरखाली आलेली दुचाकी, हिंजवडीच्या एका बांधकामावर सळईवर पडलेला बिहारी मजूर, नवऱ्यानं पेटवलेली एक बाई. काच चमकली तर कुठून उभं राहायचं, ओलं रक्त फ्लॅशखाली पांढरं का पडतं, जळालेल्या खोलीत उजेड किती वेळ आत घ्यायचा, हे ती असं शिकली. घरी आल्यावर ती आणि शैलेश एकेक फोटो बघत. कुठं चुकलं ते तो सांगे, आणि हळूहळू त्याच्याआधी तीच सांगायला लागली.

सव्वादोन वर्षांनी किशोरच्या खटल्यात तिची साक्ष झाली. शिवाजीनगरच्या कोर्टात वाल्मीकच्या वकिलानं तिच्यापुढं तिचेच फोटो ठेवले आणि संगणकातून काढलेला एक कागद दिला. फोटो काढल्याची तारीख काय आहे, वाचा म्हणाला. कागदावर सात वर्षांपूर्वीची, एप्रिलमधली एक तारीख होती.

गौतमीला सगळं एकदम समजलं. कॅमेरा पाच महिने बॅटरीवाचून पडला होता. चालू केल्यावर त्यानं तारीख विचारली होती आणि तो काय विचारतो ते न समजून तिनं ओके दाबलं होतं. कॅमेऱ्याचं घड्याळ त्या जुन्या वर्षाच्या एक जानेवारीपासून पुढं आपलंच चालत राहिलं होतं. उजेड, सावली, फोकस, सगळ्यासाठी तिनं शैलेशची बोलणी खाल्ली होती, पण तारखेकडं ना तिनं पाहिलं, ना त्यानं.

"म्हणजे हे फोटो त्या सकाळचेच, असं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही," वकील म्हणाला.

"घड्याळ लावायचं माझ्याकडून राहिलं," गौतमी म्हणाली. "चूक माझी हाय. पण मी तितं होते. त्याच्या मानेवर पट्टी मी धरली होती."

मागच्या बाकावर सगुणाबाई बसल्या होत्या. गौतमी पिंजऱ्यातून उतरताना त्यांनी तिच्याकडं पाहिलं, त्या नजरेत काय होतं ते गौतमीला उमगलं नाही.

न्यायाधीशांनी फोटो पुराव्यातून बाजूला ठेवले. पाहणारा गडी, फावडं आणि डॉक्टरांचा अहवाल यांवर वाल्मीक दोषी ठरला, पण खुनात नाही. अचानक पेटलेल्या भांडणातून झालं असं धरून दहा वर्षांची शिक्षा झाली. सरकारी वकील गौतमीला म्हणाले, तुमच्या फोटोंमुळं काही फरक पडला नसता, मनाला लावून घेऊ नका. तिला ते पटलं नाही. घाव किती हे डॉक्टरांच्या कागदात होतं. किशोर पालथा पडला होता, तोंड मातीत होतं, आणि तिन्ही घाव तो पडल्यावर वरून बसले होते, हे तिच्या फोटोंत होतं. पडलेल्या माणसावरचा घाव कसा असतो हे त्या कोर्टात आपल्याला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे, असं तिला वाटत राहिलं. गावाकडं येताना शैलेश बसमध्ये म्हणाला, निम्मी चूक माजी हाय.

तेव्हापासून कुठंही निघायच्या आधी ती कॅमेऱ्याची तारीख बघते, मग मोबाईलची, मग दोन्ही कागदावर लिहून माऊलींची सही घेते.

गेल्या आषाढात सगुणाबाई गाळ्यात आल्या. निराधार योजनेच्या अर्जाला दोन फोटो हवे होते. फाट्यावर हा एकच गाळा, म्हणून आल्या असतील. त्या स्टुलावर बसल्या, पदर सारखा केला. गौतमीनं लाईट लावला, थोडा बाजूला घेतला, हनुवटी वर करा म्हणाली.

"तवा लई लागलं का गं?" सगुणाबाईंनी विचारलं.

गौतमीनं कॅमेरा खाली केला. "पाठ दुखती पावसाळ्यात," ती म्हणाली.

सगुणाबाईंनी मान डोलावली. पहिल्या फोटोत त्यांचे डोळे मिटले. दुसऱ्यातही. गौतमीनं सांगितलं की घाई नाही, जेव्हा वाटेल तेव्हा इकडं बघा. त्या बराच वेळ मांडीवरच्या हातांकडं बघत बसल्या आणि ती कॅमेरा धरून थांबली. मग त्यांनी वर पाहिलं आणि तिनं बटण दाबलं. फोटो स्वच्छ आला. तिनं दोनाऐवजी आठ प्रती काढल्या, स्टीलच्या पट्टीनं कापल्या आणि पाकिटात घालून त्यांच्या हातात दिल्या.