स्पंजाचा हेडफोन

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायचो. आठवीचा 'ध्वनी' हा धडा म्हणजे माझा हातखंडा. आवाज कशातून आरपार जातो आणि कशानं अडतो, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृत्या काढून पोरांच्या गळी उतरवायचो. आणि नेमका त्याच विषयात असा तोंडावर आपटलो, की कुणी बार्शीचं नाव काढलं तरी माझे कान गरम होतात.

सत्तर सालानंतरची, ऐंशीच्या आधीची गोष्ट. सोलापुरात भवानी पेठेत आमचं दोन खोल्यांचं घर. नाद म्हणाल तर एकच, इलेक्ट्रिक ऑर्गनचा. पुण्याच्या कुठल्याशा ऑर्केस्ट्रानं काढून टाकलेला, तीन पट्ट्या मुक्या असलेला, पण माझा स्वतःचा. शाळेच्या संमेलनात मी तो वाजवायचो. पोरांचे आईबाप टाळ्या वाजवायचे, पण त्या आपापल्या पोरांसाठी असायच्या. तिकीट काढून आलेल्या माणसांसमोर एकदा तरी वाजवायला मिळावं, एवढीच माझी इच्छा होती. पस्तिशी उलटून गेली होती, आता नाही तर मग कधी?

आणि तशात निरोप आला. बार्शीच्या एका ऑर्केस्ट्राचा ऑर्गनवाला नोकरी लागून निघून गेला होता. ऑर्केस्ट्राचे मालक, ज्यांना सगळी बार्शी अण्णा म्हणायची, त्यांनी कळवलं होतं की एक धून टेपवर भरून घेऊन या, ऐकून ठरवू.

मी त्याच दिवशी ऑर्गन खिडकीशी ओढून सरावाला बसलो. तिसऱ्या दिवशी शेजारचे नरसय्या दारात.

नरसय्या तेलुगू विणकर. त्यांच्या घरात चादरीचा एक यंत्रमाग, आमच्या भिंतीला अगदी चिकटून. सकाळी सुरू झाला की रात्री जेवणापर्यंत खटाक-खट, खटाक-खट. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. असा हा माणूस आमच्या दारात उभा राहून अतिशय अदबीनं मला म्हणाला, "मास्तर, तुमच्या पेटीनं मागाचं ऐकू येईना झालंय की."

माझा कानांवर विश्वास बसेना. चोवीस तासांतले चौदा तास भिंत हादरवणारा माणूस माझ्या आवाजाची तक्रार करत होता! पण त्यांनी नीट समजावून सांगितलं. धागा तुटला, धोटा अडखळला, तर ते त्यांना आधी आवाजावरून कळतं. माझ्या पेटीनं तो आवाज झाकला जात होता आणि दोन चादरींत खोट राहिली होती. मी हेडफोन घ्यायचं ठरवलं, म्हणजे पेटी फक्त मलाच ऐकू येईल.

रेडिओ दुरुस्त करणारे उस्मानभाई माझ्या ओळखीचे. त्यांचा मेव्हणा कुवेतहून आला होता, त्यानं दोन हेडफोन आणले होते. एक जाडजूड, काळा, कानावर डबा बसवल्यासारखा घट्ट. दुसरा हलका, वर नुसता पातळ स्पंज. उस्मानभाईंनी कपाळावर बोट टेकवून मला सांगितलं, "मास्टरसाब, बंदवाला लेव. बाहर का आवाज अंदर आताच नै. खुल्लावाला तुमारे घर में नक्को."

त्यांना आमच्या घराशेजारचा माग माहीत होता. मला मात्र वाटलं, बंदवाला खपवायचा दिसतोय. मी दोन्ही घरी नेऊन पाहतो म्हटलं. शेवटी विज्ञानाचा शिक्षक. प्रयोग केल्याशिवाय कसं घेणार?

प्रयोग असा झाला. आधी काळा डबा चढवला आणि ऑर्गन वाजवला. सूर स्वच्छ, पण सगळं कसं मेल्यासारखं. अंगात काही शिरेना, बोटं कुठं टाकावीत ते समजेना. मग स्पंजवाला चढवला आणि काय सांगू, ऑर्गन जिवंत झाला! बोटं आपोआप धावायला लागली, पाय आपोआप हलायला लागला. मी काळा डबा परत केला. वर उस्मानभाईंना पाच मिनिटं व्याख्यान दिलं की महाग आणि जड म्हणजे चांगलं असं नसतं. त्यांनी काळा डबा फडताळात ठेवला आणि पुन्हा सोल्डरिंगला लागले.

तुमच्या ध्यानात आलंच असेल. माझ्या आलं नाही. आम्ही पेठेतली माणसं मागाच्या आवाजात जन्मलेली. तो आम्हाला ऐकूच येत नाही. उलट, भर दुपारी माग थांबला तर झोपलेली माणसं दचकून उठतात.

तर, पुढं. धुनेला तबला हवा म्हणून मी शिवलिंगला धरला. शिवलिंग माझा बालमित्र, घरी रोजचं येणं-जाणं, त्याचं भुसार मालाचं दुकान, आणि तबल्यावर हात असा की विचारू नका. एका रविवारी शाळेच्या हॉलमध्ये त्याचा तबला एका टेपरेकॉर्डरवर भरला. आता तो टेप लावायचा, वर मी ऑर्गन वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर उतरवायचं. त्यासाठी उस्मानभाईंनी मला दोन बटणांचं पत्र्याचं खोकं करून दिलं होतं. एक बटण ऑर्गनचं, एक तबल्याचं. सगळं वायरनं जोडलेलं, माईक कुठंच नाही. का, तर टेपमध्ये मागाचा आवाज येऊ नये! एवढी अक्कल मला होती.

स्पंज कानावर चढवून बसलो. पण जमेना. शिवलिंगचा तबला माझ्या बोटांशी भांडत होता. कधी पुढं पळायचा, कधी मागं राहायचा. गडी दुकानदार, हात घाईचा, असं मी मनात म्हटलं आणि त्याचं बटण थोडं कमी केलं. जरा बरं वाटलं. आणखी कमी केलं, आणखी बरं वाटलं. असं करत करत बटण पार तळाला गेलं, आणि धून काय सुरेख जमली म्हणता! गंमत म्हणजे बटण तळाला असूनही ठेका मला बारीक, पण स्पष्ट ऐकू येत होता. मी हेडफोनचं मनातल्या मनात कौतुक केलं. एवढ्या नाजूक आवाजाचीही कदर करणारी वस्तू! मध्ये चार आवर्तनं तर मी ऑर्गन थांबवून ठेक्याला एकट्याला मोकळा सोडला. म्हटलं, मित्राचंही नाव होऊ द्या.

पुढच्या रविवारी एस.टी.नं बार्शी. शिवलिंगला तिथं ज्वारीचं काम होतं, पण खरं म्हणजे त्याला आपला तबला टेपवर ऐकायचा होता. नवा शर्ट घालून आला होता बिचारा.

अण्णांचं घर गावाबाहेर, मळ्यात. चिमणी चिवचिवली तरी दचकावं इतकी शांतता. अण्णांनी टेप लावला, डोळे मिटले. मीही मिटले.

पहिल्या मिनिटातच मी डोळे उघडले. ऑर्गन होता. बाकी काहीच नव्हतं. सूर हवेत तरंगत होते, ना आगा ना पीछा. मग ती चार आवर्तनं आली, म्हणजे नुसती खरखर. आम्ही तिघं गंभीर चेहऱ्यानं ती खरखर ऐकत बसलो. पुढं एके ठिकाणी तर ऑर्गन मध्येच थबकला, आठ-दहा सेकंद गप्प राहिला, मग पुन्हा सुरू झाला. मला आठवलं, तिथं मी भावनेच्या भरात थांबलो होतो.

"हितं लाईट गेली व्हती का?" अण्णांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"मास्तर, हात चांगला हाय तुमचा. पर ह्यात ताल कुटं हाय?"

मी शिवलिंगकडं बघितलं नाही. कुठल्या तोंडानं बघणार? ज्याचा तबला ऐकायला तो इथवर आला, तो मी माझ्या हातानं बंद केला होता. मला खरंच लाज वाटली.

पण शिवलिंग रागावला नव्हता. तो मान तिरपी करून टेप ऐकत होता आणि त्याची बोटं मांडीवर पडत होती. टक-ट, टक-ट. एकदम तो हसला. अण्णांना म्हणाला, "टेप परत पहिल्यापासनं लावा की. आणि तबला हाय का घरात?"

तबला आला. टेप सुरू झाला आणि शिवलिंगनं ठेका धरला, खटाक-खट, खटाक-खट. हुबेहूब नरसय्यांचा माग! धून अशी उभी राहिली की अण्णा खुर्चीतून पुढं सरकले. ती चार आवर्तनं आली, शिवलिंगनं त्यात धोटा फिरवला. मी 'भावनेच्या भरात' थांबलो होतो तिथं तोही थांबला आणि माझ्या कानात हळूच म्हणाला, "हितं धागा तुटला बघ त्यांचा."

म्हणजे आठवडाभर मी मागाला साथ करत होतो, आणि मला वाटत होतं तो तबला आहे. स्पंजातून आवाज आरपार जातो. आकृतीसह स्पष्ट करा, पाच गुण.

अण्णांनी तिथल्या तिथं शिवलिंगला ऑर्केस्ट्रात घेतलं. असला ठेका आपण जन्मात ऐकला नाही म्हणाले. माझ्याकडं वळून, "तुमचं कळवतो" म्हणाले. ते अजून कळवायचेत.

संध्याकाळी घराच्या पायरीवर नरसय्या भेटले. रविवार असल्यामुळं माग बंद होता. त्यांनी आपुलकीनं विचारलं, "मास्तर, बार्शीला निवड झाली का?"

"झाली की," मी म्हटलं. "तुमच्या मागाची."

मग सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. हसले नाहीत. म्हणाले, "मी तर तुम्हाला आधीच सांगितलं होतं, मास्तर. तुमच्या पेटीनं मागाचं ऐकू येत नाही."