तब्येत सुधारली

आमच्या खान्देशात बाई जाड झाली तरी तिला कुणी जाड म्हणत नाही, तिची तब्येत सुधारली म्हणतात. बारीक झाली की ती वाळली. या दोन शब्दांपुढे माझ्या डॉक्टरीणबाई हरल्या.

जळगावच्या त्या बाईंनी सरळ सांगितलं होतं. पीसीओएस आहे, म्हणून पाळी महिनोन्‌महिने येत नाही. मूल हवं असेल तर आधी वजन उतरवा. मी उतरवलं. सासूबाई बिचाऱ्या माझ्यासाठी वेगळं मूग-मेथी करायच्या, घरातले शेवभाजी ओरपायचे आणि मी नुसती बघत बसायची. जीव नको झाला होता. पण पाळी वेळेवर यायला लागली, तेव्हा मोरीत उभी राहून आनंदाने रडले.

मग आखाजी आली. या सणाला लेकीने माहेरी जायचंच. शिंदखेड्याला रिक्षातून उतरले नाही तोच माय दारातून म्हणाली, "कितली वाळी गई व तू. सासरे खावाले देतस ना तुले?" शेजारची अक्काही तोंडावर पदर धरून बघत राहिली.

मी मायला वजन, गोळ्या, पाळी, सगळं समजावलं. तिने मान डोलावली आणि खापरावरचा भलामोठा मांडा ताटात टाकला, आमरस वाढला, वर तुपाची धार. "एक दिनमा काय व्हस?" नको म्हटलं तर डोळ्यांत पाणी. सासरच्यांना उगाच बोल लागायला नको म्हणून खाल्लं. मग महिनाभर रोजच खाल्लं. खोटं कशाला बोलू, आवडलंही. निघताना अक्का म्हणाली, "आते कशी तब्येत सुधरनी." माय खूश.

जळगावला आले तर काटा पुन्हा जिथल्या तिथे. पाळी आली नाही. टेस्ट केली, एकच रेघ. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मायचा फोन आला. बोलताबोलता माझ्या तोंडून गेलं, पाळी चुकली. पलीकडे ती रडायलाच लागली, आनंदाने. तसं नाही गं माय, असं मी परत परत म्हणत होते आणि ती भिंतीपलीकडच्या अक्काला हाका मारत होती.

मग फोन तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "आते उपाशी ऱ्हाऊ नको बेटा. दोन जीवसनं खाय."